पत्तूरचा नटराज आणि मिथ्रदाथाची यादी

एज्राच्या ग्रंथाचा पहिला अध्याय आपल्याकडे सहसा कोणी आवडीने वाचत नाही. त्यात ना दृष्टांत आहे, ना चमत्कार. आहे ती भांड्यांची यादी. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचे मंदिर लुटून जी पात्रे नेली होती, ती पारसाचा राजा कोरेश याने परत केली. त्याचा खजिनदार मिथ्रदाथ याने ती एकेक मोजून यहुदाचा अधिपती शेशबस्सर याच्या स्वाधीन केली. सोन्याची ३० तबके, चांदीची १०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, चांदीचे ४१०, इतर पात्रे १०००; आणि शेवटी एकूण ५४००. बेरीज जुळत नाही, हे सेमिनरीत आम्ही विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना मोठ्या विजयाने दाखवून दिले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘बेरीज चुकली असेल, पण यादी होती हे विसरू नका.’

त्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. तो उमगायला तमिळनाडूतील एका पडक्या शिवमंदिराची कथा वाचनात यावी लागली.

तंजावरच्या परिसरात पत्तूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे बाराव्या शतकात, चोळ राजांच्या अमदानीत, कोणा सधन माणसाने शंकराचे मंदिर बांधले. कालांतराने ते ओस पडले, भिंती ढासळल्या, पूजा थांबली. १९७६ साली त्या अवशेषांलगत झोपडी करून राहणारा एक भूमिहीन मजूर जमीन खणत असताना त्याची कुदळ धातूला लागली. माती दूर केल्यावर कांस्याच्या मूर्ती हाती आल्या. त्यांत प्रभावळीत नाचणारा शिव, म्हणजे नटराज, होता.

या मूर्ती जमिनीत कशा गेल्या, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळायची नाही. दक्षिणेतल्या मंदिरात गाभाऱ्यातील मुख्य दैवत पाषाणाचे असते व ते जागचे हलत नाही. उत्सवाच्या दिवशी गावातून मिरवायच्या मूर्ती धातूच्या असतात. त्यांच्या बैठकीला कड्या किंवा भोके ठेवलेली असतात, त्यांतून दांडे घालून मूर्ती खांद्यावर घेता येते. (आपल्या सणाला संतांची मूर्ती चौरंगावर बसवून चौघे जण उचलतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) अशी मूर्ती आधी मेणात घडवतात, मेणावर माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. तिच्यासारखी तंतोतंत दुसरी जगात नसते. चोरांच्या आणि न्यायाधीशांच्या, दोघांच्याही दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरच्या स्वाऱ्या दक्षिणेत पोहोचल्या. त्या धामधुमीच्या काळात अनेक गावांनी आपल्या उत्सवमूर्ती मंदिराच्या आवारात पुरून ठेवल्या असाव्यात, असे इतिहासकार मानतात. संकट टळले की काढू, हा हेतू. पण ज्यांनी पुरल्या ते मेले, ज्यांना ठाऊक होते ते परागंदा झाले, आणि देव मातीत राहिले. देव लपवण्याची ही वेळ गोव्यातल्या हिंदू गावांवरही आली. ती आणली पोर्तुगीज सत्तेने, आणि आपल्या धर्माच्या नावाने आणली. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेश येथील देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवले गेले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेली. आज मंगेशीला आणि कवळ्याला जी देवस्थाने आहेत, ती या निर्वासित देवांची होत. मंदिरांच्या चोरीविषयी लिहिताना एका धर्मगुरूने ही गोष्ट वगळली तर ते अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तर तो मजूर. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवले पाहिजे, असा १८७८ सालचा कायदा आहे. पण झोपडीत राहणाऱ्याला कलेक्टर आणि त्याचा कायदा दोन्ही सारखेच दूर. त्याने नटराज क्षुल्लक रकमेला विकला. मग मूर्ती एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहिली. दर हाताला किंमत वाढत गेली आणि दर हाताला तिच्या जन्मगावाचे नाव पुसट होत गेले. या व्यापाराची रीत सगळीकडे हीच. ज्याने वस्तू उकरली किंवा चोरली त्याला सर्वांत कमी मिळते. शेवटच्या विक्रेत्याला सर्वांत जास्त मिळते, कारण तो नुसती मूर्ती विकत नाही; मूर्तीबरोबर एक सभ्य पूर्वचरित्रही विकतो. अमुक घराण्याच्या संग्रहात होती, तमुक साली देशाबाहेर आली, ही पाहा पावती. भारतात पुरावस्तूंच्या निर्यातीवर १९४७ पासून निर्बंध होते, १९७२ चा अधिक कडक कायदा १९७६ मध्ये अमलात आला आणि १९७० साली युनेस्कोने यासंबंधी आंतरराष्ट्रीय करार केला. त्यामुळे खोट्या कागदांवर पडणाऱ्या तारखा नेहमी या वर्षांच्या आसपास किंवा अलीकडे-पलीकडे सोयीने पडलेल्या दिसतात.

१९८२ साली पत्तूरचा नटराज लंडनमध्ये होता. बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कॅनडातील कंपनीने तो तेथील एका विक्रेत्याकडून घेतला. कंपनीने तो सद्भावनेने घेतला होता, हे पुढे न्यायालयानेही मान्य केले. फसवे पूर्वचरित्र तिच्या गळ्यात बांधले गेले होते. मूर्ती तज्ज्ञांच्या देखभालीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली. कंपनीने पोलीस कमिशनरवर दावा लावला, की आमची वस्तू आम्हांला द्या. त्या दाव्यात भारत सरकार, तमिळनाडू सरकार, मंदिराचा कारभार पाहण्यासाठी नेमलेला अधिकारी, स्वतः मंदिर, आणि त्या मंदिराचे शिवलिंग, असे सारे मूर्तीचे हक्कदार म्हणून उभे राहिले.

इंग्लंडच्या न्यायालयात एक शिवलिंग! तेथील वृत्तपत्रांना या गोष्टीची किती गंमत वाटली असेल याची कल्पना करवते. आपल्या देशातील वकिलांना मात्र यात नवल वाटले नसते. देवतेची मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिची मालमत्ता असू शकते, तिच्या वतीने दावा लावता येतो, हे लंडनमधल्याच प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मल्लिक घराण्याच्या खटल्यात मान्य केले होते. आणि आपणही या कल्पनेला हसू नये. धर्मसभेच्या कायद्याचे ५१५ वे कलम काढून पाहा. विधिवत् स्थापन झालेला प्रत्येक धर्मग्राम ही एक न्यायिक व्यक्ती आहे, असे तेथे म्हटले आहे. चर्चमधली मूर्ती फादरची नसते, विश्वस्तांची नसते, ज्याने देणगी दिली त्या घराण्याचीही नसते, धर्मग्रामाची असते. फादर बदलतात, धर्मग्राम बदलत नाही.

खटल्यात मुख्य प्रश्न दोन होते. पहिला, लंडनचा नटराज तोच पत्तूरचा नटराज कशावरून? दुसरा, समजा तोच असला, तर त्याचा मालक कोण?

पहिल्या प्रश्नाची तपासणी हा या खटल्यातला सर्वांत रंजक भाग. पत्तूरला त्याच ठिकाणी निघालेल्या इतर मूर्ती अधिकाऱ्यांच्या हाती आल्या होत्या. त्या आणि नटराज एकाच कुटुंबातील आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ बसले. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे माजी प्रमुख डॉ. आर. नागस्वामी यांनी शिल्पशैलीची साक्ष दिली. धातूचे परीक्षण झाले. मूर्तीला चिकटलेली माती आणि पत्तूरची माती ताडून पाहण्यात आली. एवढेच काय, मूर्तीवर वाळवीने केलेल्या मातीच्या वाटासुद्धा तपासल्या गेल्या. सहा शतके जमिनीत असताना वाळवीने नटराजाच्या अंगावर आपला मार्ग आखला होता, आणि तो मार्ग लंडनच्या न्यायालयात पुरावा झाला. आपण वाळवीला शिव्या देतो. येथे तिने साक्ष दिली.

१९८८ साली न्यायमूर्ती इयन केनेडी यांनी निकाल दिला. मूर्ती पत्तूरचीच. आणि मालकीविषयी त्यांनी जे म्हटले त्याचा आशय असा, की बाराव्या शतकात ज्या पुण्यशील माणसाने मंदिर बांधले त्याचा संकल्प अजून संपलेला नाही. तो त्या शिवलिंगाच्या रूपाने उभा आहे. मंदिर पडले, पूजा शतकानुशतके थांबली, म्हणून अर्पण केलेली वस्तू बेवारशी होत नाही. कंपनीने अपील केले. १९९१ साली अपील न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. इंग्लंडच्या कायद्यात मंदिराला व्यक्ती मानत नसले, तरी ज्या देशात ते आहे तेथील कायदा मानतो, तेव्हा त्याला इंग्लंडमध्येही दाद मागता आली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. शिवलिंग स्वतः दावा लावू शकते का, या प्रश्नात मात्र शिरण्याची गरज त्यांना वाटली नाही. मंदिराचा हक्क सिद्ध झाला होता, तेवढे पुरे होते. त्याच वर्षी नटराज स्वदेशी परतला आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी त्याचा स्वीकार केला.

मला या निकालातला तो ‘संकल्प’ फार भावला. माझ्या एका हिंदू स्नेह्याला मी विचारले होते, की मूर्ती पुरल्यावर देव तिच्यात राहतो का? तो म्हणाला, प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हा देवाचा देह. ती हलवताना विधी करतात, परत बसवताना पुन्हा विधी करतात. आपली शिकवण निराळी. मूर्तीला दिलेला मान मूर्तीत थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे पोहोचतो, असे इ. स. ७८७ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने सांगितले. हा भेद मोठा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट दोघांनाही समान लागू आहे. जे देवाला दिले, ते पुन्हा दिवाणखान्यात ठेवायची वस्तू होत नाही. बेलशस्सर राजाने यरुशलेमच्या पात्रांतून मद्य प्राशन केले त्या रात्री भिंतीवर बोटे उमटली, ती पात्रे सोन्याची होती म्हणून नव्हे.

पत्तूरच्या मूर्तीपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते ती शिवपुरमची हकीकत. कुंभकोणमजवळच्या या गावी १९५१ साली शेतात दहाव्या शतकातील नटराज आणि आणखी काही मूर्ती निघाल्या. येथे सारे कायद्याने झाले. मूर्ती सरकारकडे गेल्या, सरकारने गावच्या मंदिराला दिल्या. गावकऱ्यांनी आनंदाने पूजा सुरू केली. मग १९५४ च्या सुमारास त्या दुरुस्तीसाठी एका शिल्पकाराकडे पाठवण्यात आल्या. परत आल्या त्या हुबेहूब, पण नव्या. मूळ नटराज फिरत फिरत मुंबईतील एका संग्राहकाकडे पोहोचला. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी चोळ कांस्यमूर्तींवरील आपल्या ग्रंथात ही अदलाबदल उजेडात आणली. तो ग्रंथही मुंबईतच, १९६५ साली प्रसिद्ध झाला. तोवर गाव नकलेपुढे कापूर लावत होते. मूर्ती पुढे न्यूयॉर्कला गेली आणि १९७३ साली अमेरिकन उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानने ती नऊ-दहा लाख डॉलरना घेतली. भारत सरकारने दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली: मालकी भारताची, पण दहा वर्षे मूर्ती प्रतिष्ठानच्या संग्रहालयात राहील. त्याप्रमाणे १९८६ साली ती परतली.

ही हकीकत मला अस्वस्थ का करते, ते सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका जुन्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू होतो. डाव्या बाजूच्या वेदीवर संत अँथनींची लाकडी मूर्ती होती, हातावर बाळ येशू. रंगाचे पोपडे निघत होते. सणाला तीन महिने होते. एक गृहस्थ आले. जुन्या मूर्ती रंगवून देतो म्हणाले, दरही माफक सांगितला. मुख्य धर्मगुरू आजारी होते. मी हो म्हटले. मूर्ती टेंपोत ठेवली, वर गोणपाट टाकले, आणि सणाच्या आठवडाभर आधी ती परत आली, लखलखीत. साऱ्यांना आवडली. फक्त रोज पहाटेच्या मिस्साला येणारी एक आजी मिस्सानंतर सांक्रिस्तीत आली नि म्हणाली, ‘फादर, हे बाळ आपलं नाही. आपल्या बाळाच्या अंगठ्याचा टवका गेलेला होता. मी चाळीस वर्षं त्या अंगठ्याला हात लावलाय.’ मी म्हणालो, ‘आजी, तो टवका लांबीने भरला असेल.’ ती काही बोलली नाही. मान हलवून निघून गेली.

पुढे मनात किडा वळवळू लागला. मूर्तीची उंची किती होती? ठाऊक नाही. वजन? पाठीमागे काही कोरलेले होते का? लाकूड कोणते होते? मालमत्तेच्या वहीत एकच ओळ होती: ‘संत अँथनी, लाकडी, १.’ त्या गृहस्थांचा पत्ता मी घेतला नव्हता. म्हातारीचे खरे की माझे, हे आजही मला सांगता येत नाही. धर्मसभेच्या कायद्याचे ११८९ वे कलम सांगते, की प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मौल्यवान असलेली मूर्ती दुरुस्त करायची तर बिशपांची लेखी परवानगी हवी आणि बिशपांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला हवा. १२८३ वे कलम सांगते, की मौल्यवान वस्तूंची वर्णनासह नेमकी यादी हवी. दोन्ही कलमे मी परीक्षेसाठी पाठ केली होती. मिथ्रदाथाला मात्र ती पाठ करावी लागली नव्हती.

श्रीपुरंदनच्या बाबतीत यादी नव्हती, पण तिच्या तोडीचे काहीतरी होते. अरियलूर जिल्ह्यातील या गावच्या प्राचीन शिवमंदिरातून २००६ साली मूर्ती चोरीस गेल्या. मंदिर एरव्ही बंदच असे. सुरक्षित ठिकाणी हलवण्यासाठी अधिकारी मूर्ती न्यायला आले, तेव्हा कुठे चोरी उघडकीस आली. तोवर नटराज न्यूयॉर्कला, मॅडिसन अव्हेन्यूवरच्या सुभाष कपूर यांच्या दालनात पोहोचून तेथून पुढेही गेला होता. २००८ साली कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तो ५० लाख डॉलरना घेतला. मूर्ती १९७० च्या सुमारासच भारताबाहेर गेली होती, असे दाखवणारी कागदपत्रे सोबत होती. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेचे लोक १९५० च्या दशकापासून दक्षिणेतील मंदिरे हिंडून मूर्तींची छायाचित्रे घेत आले होते, कोणत्याही चोराचा विचार मनात न आणता, केवळ अभ्यासासाठी. त्यांतल्या एका छायाचित्रात श्रीपुरंदनचा हा नटराज १९९४ साली आपल्या मंदिरात उभा दिसत होता. १९७० ला देश सोडलेला देव १९९४ ला गावात कसा? हौशी अभ्यासकांनी आणि पोलिसांनी ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि प्रश्न संपला. कपूर यांना २०११ साली जर्मनीत फ्रँकफर्टला अटक झाली, २०१२ साली त्यांना भारताच्या स्वाधीन करण्यात आले, आणि २०२२ साली कुंभकोणमच्या न्यायालयाने उडैयारपाळयम् येथील मूर्तिचोरीच्या प्रकरणात त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. श्रीपुरंदनचा नटराज २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत आपल्या पंतप्रधानांच्या हाती परत केला. त्याच्याबरोबर वृद्धाचलम्‌च्या मंदिराचा पाषाणाचा अर्धनारीश्वरही आला. त्यानंतर परत येणाऱ्या वस्तूंची संख्या वाढली. २०२१ साली एकट्या अमेरिकेने १५७ वस्तू देऊ केल्या.

परत आले म्हणजे घरी आले, असे मात्र नाही. पत्तूरचा नटराज पत्तूरला गेला नाही. पडक्या मंदिरात त्याला ठेवणार कोण आणि राखणार कोण? तो सरकारने सुरक्षिततेसाठी उघडलेल्या मूर्तिकेंद्रात ठेवला गेला. शिवपुरमचा नटराजही कुलपाआडच राहिला. ज्या मूर्ती खांद्यावरून गावात मिरवण्यासाठी घडवल्या, त्या आज लोखंडी दारामागे दाटीवाटीने उभ्या आहेत. चोरांनी हे केले असे म्हणावे, तर चोरांपासून वाचवण्यासाठीच हे केले गेले आहे. यावर उपाय मला सुचत नाही. सुचला असे म्हणणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही.

वसईकर वाचक येथे घंटांचा प्रश्न काढतील, हे मी जाणून आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर आपल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर एक आहे, भीमाशंकरला एक आहे. मी दोन्ही पाहिल्या आहेत. ती चोरी नव्हती. त्या काळच्या युद्धाची ती रीत होती आणि ती उघड्या डोळ्यांदेखत झाली. कोणी त्यांचे मूळ लपवले नाही, कोणी खोटी पावती केली नाही, आणि त्या अजून देवाच्या दारातच टांगलेल्या आहेत. गोव्यात आपल्या बाजूने जे घडले ते वर सांगितलेच आहे. त्याच्या हिशेबात या घंटा धरल्या तर आपण काही मागण्याच्या जागी उरत नाही. नारोशंकराच्या घंटेखाली उभा असताना मला राग आला नाही. तिच्यावरचा क्रूस पाहिला आणि सवयीने छातीवर खूण केली, एवढेच. पुजारी पाहत होते. त्यांनी विचारले, ‘वसईचे का?’

आता एक विनंती. ज्या चर्चविषयी मी वर लिहिले, तेथील वाचकांना ते ओळखू येईलच. संत अँथनींची मूर्ती रंगवून आली त्याआधीच्या काळातील लग्नांचे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे फोटो ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते मला कृपया दाखवावेत. काही अल्बम मी चाळून पाहिले आहेत. बहुतेकांत नवरानवरीची डोकी नेमकी वेदीच्या आड येतात. डावीकडचा कोपरा दिसत असेल आणि बाळाचा उजवा हात स्पष्ट आला असेल, तर फोटो कितीही अंधूक असला तरी चालेल.